गोष्ट ठाऊक असताना वाचणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : महाविद्यालयात असताना ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तुम्ही झपाटल्यासारखी वाचलीत, आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा हातात घेतलीत आणि ती पहिल्यापेक्षा जास्त आवडली, त्या वेळी ज्या प्रकरणांची पाने भराभर उलटली होती, नेमकी तीच या वेळी मनात रेंगाळली. हे निव्वळ स्मरणरंजन आहे, की पुस्तकातच असे काही असते जे पहिल्यांदा दिसत नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी पुण्यात तीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले आणि निवृत्तीनंतर सदाशिव पेठेत एक लहानसा वाचनगट चालवते. ही कादंबरी मी स्वतः पाच वेळा आणि गटाबरोबर दोन वेळा वाचली आहे. त्या आधारावर उत्तर देते. (पुस्तक न वाचलेल्यांसाठी गोष्ट एका ओळीत : फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे शायर प्रांतातल्या बुटक्या जमातीतला एक जण, नातलग बिल्बोकडून आलेली सत्तेची घातक अंगठी शत्रूच्या मॉर्डोर देशातल्या अग्निपर्वतात नष्ट करायला निघतो; सोबत त्याचा नोकर सॅम, पुढे वाट दाखवायला पूर्वी ती अंगठी बाळगणारा गॉलम, आणि पाठीशी जादूगार गॅन्डाल्फ असतो.)

स्मरणरंजनाची शंका आधी निकालात काढू. स्मरणरंजन माणसाला जुन्याच जागी घेऊन जाते. शाळेसमोरची भेळ पंचवीस वर्षांनी खायला गेलेला माणूस नवी चव शोधत नाही. तीच चव मिळाली तर खूश होतो आणि नाही मिळाली तर ‘आता पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणत परततो. तुमच्या बाबतीत उलट घडले आहे. तुम्हीच लिहिता की हेल्म्स डीपच्या लढाईवरून या वेळी नजर सहज पुढे सरकली, आणि पूर्वी कंटाळा आणणारी, अंगठीचे काय करायचे हे ठरवायला भरलेली एलरॉंडची सभा, मॉर्डोरच्या सीमेवरच्या किरिथ उन्गोल खिंडीच्या पायऱ्या आणि शायरमधले परतणे येथे तुम्ही थांबलात. आठवणीला हे करता येत नाही. हे पुस्तकाने केले आहे, आणि ते ज्या रीतीने लिहिले गेले त्यातच त्याचे कारण आहे.

जे. आर. आर. टोलकीन यांनी १९३७ च्या अखेरीस ही कादंबरी हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९४९ उजाडले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की शेवटापाशी पोचल्यावर सगळी गोष्ट पुन्हा तपासावी लागली, किंबहुना बरीचशी शेवटाकडून सुरुवातीकडे नव्याने लिहावी लागली. बहुतेक वाचक हे वाक्य लेखकाच्या विनयात जमा करतात. मी ते शब्दशः घेते. ब्री गावच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला तो अनोळखी भटक्या कोण, हे तो भाग लिहिताना खुद्द टोलकीन यांनाही माहीत नव्हते, आणि पहिल्या खर्ड्यात तर तो माणूस नसून लाकडी जोडे घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट होता. पुढे त्याचाच अ‍ॅरागॉर्न झाला, गोंडोर राज्याच्या गादीचा वारस. मोरियाच्या खाणीत बालिनच्या थडग्यापाशी लेखणी अडली ती जवळपास वर्षभर. म्हणजे पहिला खर्डा लिहिताना लेखकही तुमच्याआमच्यासारखाच होता. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, हे त्यालाही दिसत नव्हते. शेवट हाती आल्यावर तो मागे गेला आणि त्याने पेरणी केली. पहिल्या वाचनात आपण वाट शोधणाऱ्या लेखकाबरोबर चालतो. मागे जाऊन पेरणाऱ्या लेखकाची गाठ पडते ती दुसऱ्या वाचनात.

या पेरणीचा सर्वांत गमतीचा पुरावा या कादंबरीच्या बाहेर, टोलकीन यांच्या आधीच्या ‘हॉबिट’ या पुस्तकात आहे. १९३७ साली ‘हॉबिट’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातला गॉलम बराच सरळ होता. कोड्यांच्या खेळात हरलो तर अंगठी बक्षीस देईन असे तो कबूल करतो, आणि हरल्यावर ती सापडत नाही म्हणून माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे त्याच अंगठीची सत्तेची अंगठी झाल्यावर हा प्रसंग चालेना, कारण असली अंगठी कोणी पैजेवर लावत नसतो. टोलकीन यांनी ते प्रकरण नव्याने लिहून निव्वळ नमुना म्हणून प्रकाशकाकडे पाठवले, आणि प्रकाशकाने ते परस्पर छपाईला घेतले. १९५१ च्या आवृत्तीपासून आपल्याला माहीत असलेला खुनशी गॉलम आला. पण मग जुन्या आवृत्तीचे काय करायचे? त्यावर त्यांनी जो तोडगा काढला त्याला दाद द्यावीच लागते. जुनी हकीकत ही बिल्बोने सांगितलेली थाप होती, असे त्यांनी मोठ्या कादंबरीत घालून टाकले. एरवी प्रामाणिक असलेला बिल्बो अंगठी मिळताच पहिल्यांदा खोटे बोलला, आणि गॅन्डाल्फला संशय आला तो यावरूनच. लेखकाची अडचण अंगठीचा गुण होऊन बसली. पहिल्या वाचनात हा उल्लेख कानाआड होतो. दुसऱ्या वेळी अंगठीचे विष पहिल्याच दिवशी अंगात भिनले होते हे कळते.

पहिल्या वाचनाचे सुख मी कमी लेखत नाही. १९७९ मध्ये, विसाव्या वर्षी, मी ही कादंबरी एका ग्रंथालयातून आणून वाचली. दुसरा खंड संपवला तेव्हा तिसरा एका सभासदाकडे होता आणि ते गृहस्थ अडीच महिने तो परत करेनात. दुसरा खंड संपतो तो अशा जागी की फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या हाती पडला आहे, आणि सॅम बंद दरवाजाबाहेर पडला आहे. मी संध्याकाळी सायकल हाणत जायची आणि रिकाम्या जागेकडे पाहून परत यायची. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणजे त्या वेळच्या वाचकांनी अकरा महिने कळ काढली होती, हे पुढे कळले तेव्हा माझी तक्रार थंडावली. अखेर तिसरा खंड मिळाला, तर त्याच्या निम्म्या भागात फ्रोडो स्वतः समोर येतच नाही. मग काळ्या दरवाजापाशी शत्रूचा दूत येतो आणि फ्रोडोचा मिथ्रिल या दुर्मिळ धातूचा अंगरखा, एक करडा झगा आणि एक आखूड तलवार सगळ्यांसमोर धरतो. तेथे मी पुस्तक मिटून रडले होते.

दुसऱ्या वाचनात त्याच पानावर रडू आले नाही. मी ती तलवार पाहिली. ती फ्रोडोची नाही, सॅमची आहे. फ्रोडो मेला असे समजून सॅमने त्याची ‘स्टिंग’ तलवार घेतली होती आणि आपली स्वतःची त्याच्या शेजारी ठेवली होती. म्हणजे दूताच्या हातात दोघांच्या वस्तू आहेत, पण तो बोलतो आहे एकाच कैद्याबद्दल; दुसरा मोकळा आहे हे त्याच्या गावीही नाही, आणि अंगठीचा तर तो उच्चारही करत नाही. ज्या वस्तू आशा संपल्याचा पुरावा म्हणून दाखवल्या जात आहेत, त्यांतच आशा शिल्लक असल्याचा पुरावा आहे. पहिल्या वेळीही हे सगळे पानावर होतेच. पण भेदरलेला वाचक तलवारी मोजत बसत नाही.

ही आखूड तलवार आली कोठून, हे पाहायला आणखी मागे जावे लागते. पहिल्या खंडात बॅरो-डाऊन्स टेकड्यांवरच्या थडग्यातून टॉम बॉम्बाडिल हा गाणी गाणारा रानवासी फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन या चार हॉबिटांना सोडवतो आणि तेथल्या खजिन्यातली चार पाती त्यांना देतो. टॉम बॉम्बाडिल मला आजही जड जातो. त्याची गाणी मी पाचव्या वाचनातही उभ्या उभ्याच वाचली, हे कबूल करते. चित्रपटात त्याला वगळले, तेव्हा आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना हायसे वाटले होते. पण त्याने दिलेल्या चारांपैकी एक पाते फ्रोडोच्या शेजारी राहते, आणि दुसरे मेरीच्या हातून पेलेनॉरच्या मैदानावर नाझगुल या शत्रूच्या काळ्या स्वारांच्या म्होरक्याच्या पायात घुसते. ती पाती घडवणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ज्या शत्रूविरुद्ध ती घडवली होती, तो हाच. लेखक हे त्या ठिकाणी सांगतो, पण सातशे-आठशे पानांपूर्वीचे थडगे पहिल्या वाचकाला तेव्हा धूसरच आठवत असते. त्याच मैदानावर डर्नहेल्म नावाचा सडपातळ स्वार म्हणजे पुरुषवेषातली राजाची भाची एओविन, हे तर दुसऱ्या वाचनात त्याच्या पहिल्या दर्शनालाच कळते, आणि मरण शोधायला निघालेल्या माणसासारखा त्याचा चेहरा पाहून मेरी का शहारतो, हेही.

आता किरिथ उन्गोलच्या पायऱ्यांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. फ्रोडो आणि सॅम खडकाच्या आडोशाला झोपी गेले आहेत. फ्रोडोचे डोके सॅमच्या मांडीवर आहे. गॉलम परत येतो. आपण पहिल्यांदा वाचत असतो तेव्हा तो कोठून आला हे आपल्याला माहीत नसते. दुसऱ्यांदा वाचताना ठाऊक असते की तो शेलॉब नावाच्या राक्षसी कोळिणीशी सौदा करून आला आहे. तो त्या दोघांकडे पाहतो. त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, ते थकलेले, म्हातारे दिसू लागतात. तो मागे वळून खिंडीकडे पाहतो, स्वतःशीच वाद घातल्यासारखी मान हलवतो, आणि मग थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हलके, जवळजवळ कुरवाळल्यासारखा, स्पर्श करतो. फ्रोडो झोपेत कण्हतो. सॅमला जाग येते, धन्याच्या अंगाला हात लावणारा गॉलम दिसतो आणि तो खेकसतो. चोरासारखा जातोस आणि चोरासारखा येतोस, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. गॉलमच्या डोळ्यांत हिरवी चमक परतते आणि ती घटका कायमची निसटते.

विसाव्या वर्षी मी येथे सॅमच्या बाजूने होते. शेलॉबच्या बिळाची उत्सुकता इतकी होती की तो परिच्छेद मी वाचला असेन असेही मला वाटत नाही. टोलकीन यांनी मात्र एका पत्रात लिहिले आहे की गॉलममधला बदल सॅमच्या लक्षात न येणे हा त्यांच्या मते सगळ्या गोष्टीतला कदाचित सर्वांत दुःखाचा क्षण आहे. चित्रपटात हा प्रसंग बदलला आहे; तेथे गॉलम लेंबास रोट्या फेकून देतो, आळ सॅमवर आणतो आणि फ्रोडो सॅमला घालवून देतो. पडद्यावर ते चांगले दिसते, पण त्यात दोष सगळा गॉलमचा उरतो. पुस्तकात एका जिवाची शेवटची संधी जाते ती एका भल्या माणसाच्या निष्ठेमुळे, आणि त्या भल्या माणसाला ते कळतही नाही. हे समजायला गोष्टीचा शेवट माहीत असावा लागतो. आयुष्यात आपणही कोणावर तरी असेच खेकसून बसलेलो असलो, तर अधिकच.

शेवटाबद्दलही तसेच आहे. पहिल्या वाचनात अनेकांना तो योगायोग वाटतो : फ्रोडो ऐन कड्यावर हरतो, अंगठी आपली म्हणतो, गॉलम त्याचे बोट तोडून ती हिसकावतो आणि पाय घसरून आगीत पडतो. आमच्या गटातले एक निवृत्त अभियंता याला ‘लेखकाने दिलेला धक्का’ म्हणत असत. दुसऱ्या वाचनात आम्ही त्यांनाच खुणा शोधायला बसवले. दुसऱ्याच प्रकरणात गॅन्डाल्फ सांगतो की बिल्बोने गॉलमला मारले नाही ते दयेपोटी, आणि त्या दयेवर पुष्कळांचे भवितव्य ठरेल. मॉर्डोरच्या दरवाजापाशी फ्रोडो गॉलमला बजावतो की अंगठी घालून मी आज्ञा केली तर तू आगीतही उडी घेशील. मग डोंगराच्या उतारावर तो शेवटचे सांगतो की पुन्हा मला हात लावलास तर तूच आगीत फेकला जाशील. त्याच उतारावर सॅमच्या हातात तलवार आहे आणि पायाशी गॉलम गयावया करतो आहे. पायऱ्यांवर खेकसलेला सॅम येथे मात्र त्याला सोडून देतो, कारण मधल्या काळात थोडा वेळ का होईना, अंगठी त्याने स्वतः वागवलेली असते. काही पानांनी फ्रोडोचे शब्द अक्षरशः खरे होतात. हे सगळे फळ्यावर लिहून झाल्यावर अभियंता गप्प बसले आणि नंतर म्हणाले की यात धक्का नाही, पाया आहे. आपण इमारत पाहताना तो पाहिला नाही, इतकेच.

खरे तर आपल्याकडे ‘गोष्ट माहीत आहे, मग पुन्हा कशाला वाचायची’ हा प्रश्न जुना नाही. कर्ण कुंतीचा मुलगा, हे महाभारत ऐकणाऱ्याला आदिपर्वातच कळते; राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात अर्जुनाशी त्याची गाठ पडते तेव्हा ते ठाऊक नसते फक्त समोरच्या पात्रांना. कीर्तनाला बसलेल्या बाईला आख्यानाचा शेवट बुवांइतकाच पाठ असतो आणि तरी ती उत्तररंगाची वाट पाहते. पारायण हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्यात दुसऱ्या वाचनाचे समर्थन करावे लागू नये.

सगळ्याच अद्भुत कादंबऱ्या याला उतरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ज्या पुस्तकाची सगळी पुंजी एका धक्क्यात असते ते दुसऱ्यांदा उघडले की रिकामे निघते. आणि याही पुस्तकातल्या उणिवा दुसऱ्या वाचनात जास्त दिसतात. अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेन यांची कहाणी परिशिष्टात कोंबली आहे, त्यामुळे ते लग्न मूळ कथेत फार अचानक येते. बायकांची पात्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तुम्हाला हे खटकले असेल तर ते वाचन चुकल्याचे लक्षण नव्हे.

एलरॉंडच्या सभेबद्दल फार लिहीत नाही. पहिल्यांदा ती आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी वाटते, प्रत्येक जण उठून आपले गाऱ्हाणे मांडतो आणि निर्णय काही होत नाही. दुसऱ्यांदा फक्त बोरोमिरकडे, पुढे अंगठीच्या मोहात पडणाऱ्या सोबत्याकडे, लक्ष ठेवून वाचा.

तिसऱ्या वेळी वाचणार असाल, तर माझा अनुभव असा की रोज एकच प्रकरण घ्यावे. एकूण ६२ आहेत, दोन महिने लागतात. पहिल्या वेळची पेन्सिलीच्या खुणांची प्रत घरात असेल तर ती शेजारी ठेवावी. मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद सोबत ठेवला तर वेग आपोआप कमी होतो, कारण पाठ असलेले वाक्य आपल्या भाषेत आले की माणूस थबकतो. आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी असलेला कालपट पहिल्या दिवसापासून उघडा ठेवावा. चित्रपटात बिल्बोच्या मेजवानीनंतर फ्रोडो लवकरच निघतो असे वाटते. पुस्तकात मध्ये सतरा वर्षे जातात आणि घर सोडताना तो पन्नाशीचा असतो. विसाव्या वर्षी मी त्याला माझ्या वयाचा समजत होते. माझ्या पन्नाशीत तो खरोखरच माझ्या वयाचा निघाला.

त्या कालपटामुळेच मला शेवटची प्रकरणे कळली. वेदरटॉप टेकडीवर फ्रोडोला जखम होते ६ ऑक्टोबरला, शेलॉबचा दंश होतो १३ मार्चला. परतीच्या वाटेवर बरोबर वर्षाने त्याचा खांदा दुखतो. शायरमध्ये सगळे स्थिरस्थावर झाल्यावर १३ मार्चला एक शेतकरी त्याला बिछान्यावर पडलेला पाहतो, गळ्यातला पांढरा खडा मुठीत धरलेला. सॅम त्या दिवसांत झाडांच्या कामासाठी बाहेर असतो. २५ तारखेला तो परततो तेव्हा फ्रोडो सावरलेला असतो आणि स्वतःबद्दल काही बोलत नाही.

पानशेतचे धरण फुटले तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात होते. मी दोन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. पुढे आम्ही उंचावर राहायला गेलो, दुसऱ्या मजल्यावर. तरी दरवर्षी जुलैत एक दिवस आई खालच्या फळीवरचे सगळे डबे वरच्या फळीवर चढवायची आणि संध्याकाळपर्यंत फारशी बोलायची नाही. का, असे विचारले तर झुरळे झाली आहेत म्हणायची. दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा खाली येत. ती २००४ मध्ये गेली. १३ मार्चची ती ओळ मी तोवर तीनदा वाचली होती, पण तारखेकडे लक्ष गेले ते त्यानंतरच्या वाचनात. आता गटात हे प्रकरण आले की मी काही सांगत नाही. कालपट उघडायला लावते आणि त्या दोन तारखा ज्याच्या त्याला शोधू देते.